किल्ली हरवलेली जुनी हत्यारपेटी: कुलूप फोडायच्या आधी

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. आजोबा फिटर होते. त्यांची लाकडी हत्यारपेटी नातवाकडे आली आहे. वर झाकण, खाली लहानमोठे सात खण, खणांच्या पुढे उभी बसणारी एक फळी, कोपऱ्यांना निकेलचा मुलामा दिलेल्या पट्ट्या. फळी कुलूपबंद आहे, किल्लीचा पत्ता नाही आणि पेटी हलवली की आत काहीतरी खडखडतं. पॉलिश काळवंडलंय, त्यावर बारीक तडे गेलेत. नातवाने दोन गोष्टी विचारल्यात: कुलपात ड्रिल घालून ते काढून टाकू का? आणि बाहेरून सगळं घासून कोरं लाकूड काढून त्यावर पॉलियुरेथेन मारू का?

दोन्हींना माझं उत्तर "इतक्यात नको" असं आहे. ही कामं कधीच करू नयेत असं मी म्हणत नाही, पण एकदा केली की माघार नाही. अशा पेट्या हाताळताना मी एक क्रम पाळतो. जे काम उलटवता येतं ते आधी, जे उलटवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. बहुतेक पेट्यांच्या बाबतीत त्या शेवटच्या कामापर्यंत जायची वेळच येत नाही.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. लाकूड भरीव आहे की वर व्हिनिअर, म्हणजे चिकटवलेला पातळ लाकडी पापुद्रा आहे? पेटी रोज वापरायची आहे की आठवण म्हणून ठेवायची आहे? कुलूप कोणत्या जातीचं आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्ही द्याल. तिसऱ्याचं उत्तर पेटी बंद असतानाही बरंचसं काढता येतं.

तुम्ही वर्णन केलेली घडण ओळखीची आहे. विसाव्या शतकात मशिनिस्ट आणि टूलमेकर मंडळी मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल गेज असली मोजमापाची नाजूक साधनं अशा पेट्यांत ठेवत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन इथे १९०६ साली सुरू झालेली गर्स्टनर ही त्यातली नावाजलेली कंपनी, पण त्याच धाटणीच्या पेट्या इतर अनेकांनीही बनवल्या, आणि कित्येक कारागिरांनी स्वतःच्या हातानेही. काम सुरू झालं की पुढची फळी काढून सगळ्यात खालच्या खणाखालच्या फटीत आडवी सरकवायची. काम संपलं की ती परत उभी बसवून झाकण मिटायचं. बऱ्याच पेट्यांत झाकण आणि फळी एकाच कुलपाने एकमेकांना अडकतात. त्यामुळे कुलूप उघडलं की दोन्ही सुटतात, आणि कुलूप चेपलं की दोन्ही अडतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढची पहिली पायरी यावरच आहे.

पेटी खरंच कुलूपबंद आहे का, ते आधी तपासा. वर्षानुवर्षं वजन पडून झाकण बसतं किंवा बिजागरी ढिली होते, आणि कुलपाचा दांडा, म्हणजे किल्लीने सरकणारा भाग, त्याच्या घरात आवळून बसतो. दोन तळवे झाकणाच्या पुढच्या कडेवर ठेवून खाली दाबा, दुसऱ्या कोणाला फळी हळूच आतबाहेर हलवायला सांगा. मग उलट करा: झाकण किंचित वर उचलून धरा आणि फळी दाबा. दांड्यावरचा ताण गेला की न लागलेलं कुलूप सुटल्यासारखं वाटतं. खरंच लागलेलं असेल तर एक ठरावीक, अगदी थोडीशी हालचाल जाणवते आणि तिथेच थांबते. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होईल. तसं केलंत तर कुलूप शाबूत राहील आणि फळीची कड मात्र चिरेल.

आता टॉर्च घेऊन किल्लीच्या भोकात नीट पाहा. वर गोल आणि खाली चीर असं भोक असेल आणि मधोमध धातूची खुंटी दिसत असेल, तर त्याला पोकळ नळीची किल्ली लागते. तेच भोक आहे पण खुंटी नाही, तर भरीव दांड्याची किल्ली. आणि गोल धातूच्या तोंडावर नुसती सरळ चीर असेल, आत पितळी पातळ चकत्यांच्या कडा दिसत असतील, तर ते चकत्यांचं कुलूप आहे. लाकडी पेटीवर हे बहुधा नंतर कोणीतरी बसवलेलं असतं; लोखंडी कपाटांवर मात्र ते सर्रास असतं.

खुंटीवाल्या कुलपात पुन्हा दोन प्रकार. साध्या प्रकारात आत फक्त आडव्या भिंती असतात. चुकीच्या किल्लीला त्या अडवतात आणि भिंतींच्या जागी खाचा असलेली किल्ली पार जाते. दुसऱ्यात लिव्हर, म्हणजे स्प्रिंगवर बसलेल्या पातळ पट्ट्या असतात. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ साली ज्या कुलपाचं पेटंट घेतलं त्यातली युक्ती अशी की प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीवर उचलला गेला पाहिजे. कमी उचलला तरी दांडा अडतो, जास्त उचलला तरी अडतो. तुमच्या पेटीवर एक-दोन लिव्हरचं साधं कुलूप असण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण ते उघडल्यावरच कळेल. यात तुमच्या फायद्याची गोष्ट अशी की किल्ली हरवली तरी तिची सगळी मापं कुलपाच्या आत शिल्लक आहेत. म्हणून मी कुलूप फोडायला कचरतो. फोडल्यावर ती मापंही जातात.

पेटी उघडण्याचे माझे मार्ग या क्रमाने असतात. घरातले जुने किल्ल्यांचे जुडगे आधी बाहेर काढा. आखूड, पोकळ नळीच्या, पितळी किंवा लोखंडी किल्ल्या वेगळ्या करा. कपाटाची, शिवणयंत्राच्या पेटीची, घड्याळाच्या पेटीची, कुठलीही चालेल. त्या काळी फर्निचरच्या स्वस्त कुलपांत किल्ल्यांचे प्रकार मोजकेच असत, त्यामुळे परकी किल्ली लागणं अजिबात दुर्मीळ नाही. किल्ली घालताना जोर नको. दोन बोटांनी फिरली तर फिरली. त्याआधी भोकात पातळ, आत झिरपणाऱ्या तेलाचे एक-दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. तेल लाकडावर ओघळू नये म्हणून भोकाच्या खाली कापड धरा.

त्याने भागलं नाही तर पेटीची पाठ आणि तळ पाहा. पाठीची फळी खाचेत सरकवलेली किंवा सरसाने चिकटवलेली असेल तर तिला हात लावू नका. स्क्रूने बसवलेली असेल तर मात्र तो सरळ रस्ता आहे. स्क्रूच्या खाचेत अगदी नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, कारण जुने स्क्रू मऊ असतात आणि खाच एकदा गोल झाली की संपलं. गंजून बसलेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून तो तापवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गंजाची पकड त्याने सैल होते.

हेही नाही जमलं तर चांगला किल्लीवाला गाठा. त्याला "उघडून दे" एवढंच सांगू नका. "कुलूप वाचवायचंय, त्यालाच किल्ली करायचीय" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो सगळ्यात जलद मार्ग घेईल, आणि तो मार्ग ड्रिलचा असतो. पेटी तुमचीच आहे का, असं तो विचारेल, विचारायलाच हवं. एक-दोन लिव्हरचं कुलूप जाणत्या माणसाला न मोडता उघडायला फार अवघड नाही. ड्रिल करायचीच वेळ आली तर तेही त्यालाच करू द्या, कारण भोक नेमकं कुठे पाडलं म्हणजे आतला कमीत कमी भाग जातो हे त्याला ठाऊक असतं.

पेटी उघडली की लगेच सगळं उपसू नका. आधी फोटो. प्रत्येक खणाच्या तळाला खालून पेन्सिलने नंबर घाला. खण दिसायला सारखे असले तरी प्रत्येक आपापल्या जागीच घासून बसलेला असतो आणि अदलाबदल झाली की अडतो. खडखडणारी वस्तू सापडेल: कदाचित खणाची मूठ, कदाचित कुलपाचाच निखळलेला भाग. तळाशी साचलेला चुरा फेकायच्या आधी चाळून पाहा. त्यात लहान स्प्रिंग, स्क्रू, पट्टीचा तुकडा निघू शकतो. चुंबक फिरवायचं असेल तर मायक्रोमीटर वगैरे आधी बाहेर काढा. मोजमापाच्या साधनांत चुंबकत्व आलं की लोखंडाचा चुरा त्यांना चिकटत राहतो.

आता किल्ली. या कामात घाई अजिबात चालत नाही, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

कुलूप फळीवरून काढा, स्क्रू एका कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे टोचून ठेवा. कुठे शिक्का किंवा आकडा कोरलेला दिसला तर लिहून घ्या. चकत्यांच्या कुलपाच्या तोंडावर किंवा मागे असा आकडा बऱ्याचदा असतो, आणि ती मालिका किल्लीवाल्याच्या कोष्टकात असेल तर नुसत्या आकड्यावरून किल्ली कापता येते. लिव्हरच्या कुलपात असा आकडा असलाच तर त्यावर फार भिस्त ठेवू नका.

लिव्हरच्या कुलपाचं पत्र्याचं झाकण स्क्रूने बसवलेलं असतं, किंवा त्याचे छोटे कान दुमडलेले असतात. रिव्हेट मारलेले असतील तर ते काम किल्लीवाल्याकडे सोपवा. झाकण उचलताना कुलूप एका खोलगट ताटलीत ठेवा. स्प्रिंग उडते आणि पुन्हा सापडत नाही. आत दिसेल ते असं: तळाशी दांडा, त्याच्यावर उभी एक चौकोनी खुंटी, आणि त्यावर एकावर एक ठेवलेल्या पातळ पितळी पट्ट्या, म्हणजे लिव्हर. प्रत्येक लिव्हरला एका टोकाला फिरायची जागा, मागे स्प्रिंग आणि मध्ये एक खाच. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच खुंटी त्यांतून पलीकडे जाते आणि दांडा सरकतो. लिव्हर काढताना त्यांचा क्रम आणि वरची बाजू खुणेने नोंदवा.

कोरी किल्ली निवडताना तीन मापं लागतात. पहिलं, किल्लीच्या भोकातल्या खुंटीची जाडी. ती मोजायला वेगवेगळ्या ड्रिल बिटांच्या गुळगुळीत दांड्यांशी ताडून पाहा, किंवा कॅलिपर वापरा. नळीचं आतलं भोक त्याहून केसभर मोठं हवं. दुसरं, भोकाची वरपासून खालपर्यंतची उंची. तिसरं, किल्लीच्या पात्याची रुंदी, म्हणजे कुलपाच्या आतली जागा. पातं आधी पूर्ण उंचीचं, कोरं घ्या.

लिव्हर सगळे बाहेर असताना नुसता दांडा ठेवा आणि किल्ली फिरवून बघा. दांड्याच्या खाचेत पातं शिरून त्याला पूर्ण सरकवलं पाहिजे. अडत असेल तर पात्याचा दांड्यासमोरचा भाग थोडा थोडा कानसा. दांडा गुळगुळीत सरकायला लागला की पहिला, म्हणजे सगळ्यात खालचा लिव्हर त्याच्या स्प्रिंगसह बसवा. कोरं पातं त्याला गरजेपेक्षा जास्त उचलेल आणि खाच दांड्यावरच्या चौकोनी खुंटीच्या वर निघून जाईल. पात्याचा फक्त त्या लिव्हरसमोरचा भाग काळ्या मार्करने रंगवा, किल्ली फिरवा, रंग जिथे खरवडला गेला तिथे बारीक दातांच्या कानशीने दोन-तीन हात मारा आणि परत बघा. खाच हळूहळू खाली येते, खुंटीच्या समोर येते, आणि एका क्षणी दांडा सरकतो. तिथे थांबा. आता दुसरा लिव्हर बसवा आणि त्याच्यासमोरच्या भागावर तेच करा.

इथे जास्त कानसणं हाच धोका आहे. खोल गेलेल्या खाचेला लिव्हर कमी उचलला जातो आणि धातू परत येत नाही. चांदीच्या डाकाने भरून परत कानसता येतं, पण त्यापेक्षा दुसरी कोरी किल्ली घेणं सोयीचं. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन कोऱ्या किल्ल्या आणा. काही जण उलटा मार्ग सुचवतात: किल्ली कशीही असो, लिव्हरच्या खाचाच कानसून मोठ्या करा, नाहीतर एखादा लिव्हर काढूनच टाका. कुलूप चालतं, पण मग जवळपास कुठल्याही किल्लीने चालतं. लिव्हर तुटलेलाच असेल तर तो काढून एकावर भागवणं मी समजू शकतो. एरवी करत नाही.

आतल्या भिंतींचं साधं कुलूप असेल तर न उघडताही किल्ली होते. कोरं पातं मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळी चढवा, आत घालून भिंतीला टेकेपर्यंत फिरवा आणि सरळ बाहेर काढा. भिंत जिथे लागली तिथे काजळी पुसलेली दिसते. तेवढीच खाच कानसायची आणि परत काजळी चढवायची.

चकत्यांच्या कुलपात मधला गोल भाग मागचा स्क्रू किंवा अडकवणारी चकती दाबून बाहेर निघतो. किल्ली नसताना चकत्या त्याच्या बाहेर डोकावत असतात. योग्य किल्ली घातली की सगळ्या पृष्ठभागाशी सपाट होतात. कोरी किल्ली घालून जी चकती बाहेर राहील तिच्यापुरतं कानसत जायचं. अशा कुलपाची झीज फार झाली असेल तर मी सरळ नवं बसवतो. भोकाचा व्यास (१६ आणि १९ मिलिमीटर ही मापं नेहमी आढळतात), पत्र्याची किंवा लाकडाची जाडी, मागच्या जिभेची लांबी आणि ती किती अंशात फिरते, एवढं मोजून नेलं की झालं. जुनं कुलूप पिशवीत घालून पेटीतच ठेवा.

किल्ली फिरायला लागली की आधी ओतलेलं तेल स्पिरिटने धुऊन काढा. चिकट तेलात धूळ बसते आणि हलक्या स्प्रिंगचे लिव्हर त्यात रुततात. नंतर ग्राफाइटची चिमूटभर पूड पुरते. दुसरी किल्ली ताबडतोब करून घ्या, आणि ती पहिलीवरून; नकलेची नक्कल केली की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढते.

आता पॉलिश. तडे गेलेलं, काळं पॉलिश पाहून सगळ्यांचा हात काचपेपरकडे जातो. आधी ते नुसतं मळलंय का ते पाहा. कारखान्यातल्या पेटीवर तेल, हातांचा घाम आणि मेण यांचा थर असतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेल्या कापडाने पुसा. कापड तपकिरी होईल आणि कित्येकदा खालून व्यवस्थित पॉलिश निघेल. त्यानंतर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं कापड, आणि लगेच कोरडं कापड. व्हिनिअर असेल तर पाण्याचा हात अगदी जपून, कारण सरस ओला झाला की सुटतो.

मग पॉलिशची जात ओळखा. पाठीवर किंवा तळाशी, नजरेस न पडणाऱ्या जागी, कापसाला स्पिरिट लावून मिनिटभर टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण लॅकर थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर तेलावरचं व्हार्निश किंवा नंतर मारलेलं काहीतरी आधुनिक.

लाख निघाली तर तुमचं काम निम्म्याने हलकं झालं. लाख कितीही जुनी असली तरी साधारणपणे स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, आणि त्यामुळे तडे खरवडण्याऐवजी मिटवता येतात. पेटी अशी झोपवा की ज्या बाजूवर काम करताय ती आडवी राहील, नाहीतर ओघळ येतात. मऊ ब्रशने स्पिरिटचा पातळ हात मारा आणि सोडून द्या. जुना थर मऊ होऊन आपल्या आपण सपाट बसतो आणि तडे बुजतात. त्याच जागी पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला तर थर गोळा होऊन ओरखडे पडतात. वाळल्यावर ताज्या लाखेचे दोन-तीन पातळ हात पुरतात. मी लिटरभर स्पिरिटला १२० ते १८० ग्रॅम चपडी लाख घेतो. वर्षभर विरघळवून ठेवलेली लाख वापरू नका. ती नीट कडक होत नाही, बोटांचे ठसे घेत राहते.

पॉलियुरेथेनला माझा विरोध तत्त्वाचा नाही. पण जुन्या मेणाच्या थरावर ते धरत नाही. पुढे खरचटलं तर त्यावर लाखेसारखी डागडुजी होत नाही, आणि ते काढायचं म्हणजे घासणं किंवा जहाल रिमूव्हर. ओळखूही न येण्याइतकं पॉलिश गेलं असेल, किंवा कोणीतरी वरून रंग फासला असेल, तरच कोऱ्या लाकडापर्यंत जायचा विचार करा. रंग जुना असेल तर कोरडा काचपेपर नको. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ श्वासात जाणं धोक्याचं. लोखंडी कपाटांनाही हे लागू आहे. एरवी लोखंडी कपाटाचं काम सोपं असतं: गंज काढा, प्रायमर, रंग.

कुलपाच्या भोकाभोवती आणि खणांच्या तळाला निळसर काळे डाग असतील तर लाकूड बहुधा ओक आहे. त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि ओलसर लोखंड एकत्र आलं की असा डाग पडतो. ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण तो घालवतं, पण फक्त जिथे पॉलिश उडालेलं आहे तिथेच ते लाकडात शिरतं. हातमोजे घाला, नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा, आणि ती जागा कोरडी घासू नका. त्याची पूड विषारी असते. जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलाची फडकी चोळामोळा करून टाकू नका, सपाट पसरून वाळवा. गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेतात. खणांच्या आतून मात्र तेल अजिबात लावू नका. बंद जागेत त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही. आतून लाखेचा एक हात द्या, कुबट वासही दबतो.

सांधे सुटले असतील तर आत फेविकॉलसारखा पांढरा गोंद भरण्याची घाई करू नका. जुन्या पेट्या सरसाने जोडलेल्या असतात. जुन्या सरसावर नवा सरस धरतो, पांढरा गोंद नीट धरत नाही. अर्धवट सुटलेला सांधा पूर्ण सोडवायचा असेल तर फटीत थोडं स्पिरिट सोडा. सरस ठिसूळ होतो आणि हलक्या ठोक्याने सांधा अख्खा निघतो.

खणांतलं हिरवं फेल्ट, म्हणजे जाड लोकरी कापड, सहसा टिकत नाही. त्यात लोखंडाचा चुरा आणि जुनं तेल मुरलेलं असतं, ते ओल धरतं आणि साधनांना गंज चढवतं. काढताना एक तुकडा नमुना म्हणून ठेवा. नवं फेल्ट मी लाकडाला चिकटवत नाही. खणाच्या मापाचं पातळ पुठ्ठ्याचं पान कापतो, फेल्ट त्यावर चिकटवतो आणि ते पान नुसतं खणात ठेवतो. उद्या बदलायचं झालं तर खरवडायला नको. ओकच्या बंद पेटीत आम्लाची सूक्ष्म वाफ असतेच, म्हणून साधनांवर तेलाचा पातळ हात आणि प्रत्येक खणात गंजरोधक कागदाचा तुकडा ठेवा.

निकेलच्या पट्ट्यांवर काचपेपर नको. मुलामा फार पातळ असतो आणि खालचं पितळ किंवा पोलाद डोकावलं की तिथून गंज सुरू. तेल लावून दिवसभर ठेवा आणि गंजाचे टिपके तांब्याच्या पट्टीच्या कडेने खरवडा. तांबं निकेलपेक्षा मऊ असल्याने ओरखडे उठत नाहीत.

शेवटी खण सरकण्याबद्दल, कारण हे तुम्ही विचारलं नसलं तरी पेटी भरल्यावर नक्की विचाराल. खणांच्या बाजूंना आणि ते ज्या पट्ट्यांवर सरकतात त्यांना पॉलिश करू नका. तेवढ्या थरानेही खण अडतो. तिथे मेणबत्तीचं मेण घासा. तरीही एखादा खण अडत असेल तर हवा दमट आहे का ते पाहा. दमट दिवसांत लाकूड फुगतं आणि तेव्हा रंधा मारलेला खण कोरड्या हवेत खडखडत राहतो. कोरडे दिवस येईपर्यंत थांबा. तेव्हाही अडला, तर खणाच्या बाजूवर खडू घासून तो आतबाहेर करा. खडू जिथे पुसला जाईल तेवढ्याच जागेवर रंध्याचा एक पातळ हात मारा आणि परत मेण लावा.